पुणे–बेळगाव–बदामी, दोघं, एक बुलेट : बेळगावात अंधार पडल्यावर शिरावं का?

रिकामी_टाकी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि बायको बुलेटवर बदामीला निघतोय. चिंचवडहून पहाटे निघायचं, कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन, मावशीकडे जेवण, मग बेळगावला मुक्काम. दुसऱ्या दिवशी यरगट्टी-लोकापूरवरून बदामी. येताना पुन्हा एक रात्र बेळगाव. कोल्हापूरपर्यंतचा रस्ता पाठ आहे. त्यापुढचं सगळं लहानपणी सौंदत्तीला जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं, तेही अर्धवट झोपेत.

हायवेची मला भीती नाही, घाटाचीही नाही. भीती आहे ती अनोळखी शहराची. गेल्या वर्षी एका शहरात रात्री आठला शिरलो. हॉटेल सापडायला दीड तास लागला, तेवढ्यात एकदा वन-वेत उलटा घुसलो आणि एकदा बस हँडलला घासून गेली. घरात भांडण झालं की तो विषय अजून निघतो.

बेळगावात सात-साडेसातला पोचू असा हिशोब आहे. एमएच १४ची पाटी बघून कुणी त्रास देतं का? कन्नडचा एक शब्द येत नाही, त्यानं अडेल का? गाडी रात्री कुठे लावावी? की गावात शिरूच नये, हायवेवरच्या लॉजवर पडून सकाळी सटकावं? बायकोला कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) हवाय, हे लक्षात ठेवून उत्तरं द्यावीत.

भावा_गाडी_हळू

कुंदा हवा असंल तर गावात शिरायलाच लागतंय. विषय संपला.

गोवावेशीचा

बेळगावात जन्मलो, आता पन्नाशी ओलांडली. तेव्हा जरा लांबण लावतो.

साडेसात ही आमच्या गावात शिरायची सगळ्यात वाईट वेळ. कोल्हापूरकडून येताना काकती गेलं की गांधीनगरला हायवे सोडायचा, किल्ल्याच्या कडेनं अशोक चौक, तिथून मध्यवर्ती बस स्टँड जवळच. संध्याकाळी या एवढ्याशा टापूत सिटी बस, लांब पल्ल्याच्या बस, वडाप, रिक्षा, शिवाय खेड्यातून बाजाराला आलेली आणि आता घरी निघालेली माणसं, सगळी एकदम असतात. तुम्ही बारा-तेरा तास गाडीवर बसून तिथे पोचणार. डोळे हायवेच्या वेगाला सरावलेले असतात, ताशी पंधराच्या गर्दीत ते चुकतात. माझे पाहुणे पडले ते सगळे शेवटच्या चार किलोमीटरमध्येच.

मोबाइलच्या नकाशात दुचाकीचा वेगळा पर्याय आहे ना, तो घात करतो. त्याला वाटतं दुचाकी म्हणजे कुठूनही जाईल. तो तुम्हाला खडेबाजार, गणपत गल्ली असल्या ठिकाणी घुसवणार. तिथे आम्हीसुद्धा चालत जातो! त्यामुळे त्या दिवशी नकाशा चारचाकीवर ठेवा. दोन मिनिटं जास्त लागतील, पण रुंद रस्त्यानं नेईल.

हॉटेल निवडताना भाडं बघायच्या आधी तिथे पोचायची वाट बघा. कॉलेज रोड, क्लब रोडच्या बाजूला घेतलंत तर अशोक चौक, आरटीओ सर्कल, कोर्ट, चन्नम्मा चौक असा मोठ्या रस्त्यानं येता, गल्लीत वळावं लागत नाही. बाजारपेठेतलं लॉज दोनशे रुपयांनी स्वस्त असेल, पण सामान लादलेली बुलेट तिथे वळवून दाखवा.

टिळकवाडीत कुणाकडे जाणार असाल तर रेल्वे गेट लागेल. रूळ तिरके कापू नका. चाक रुळाला जमेल तितकं काटकोनात घ्या आणि रुळावर ब्रेक मारू नका. रात्री दव पडलेलं असलं तरी लोखंड घसरतं, त्याला पाऊसच पाहिजे असं नाही.

थोडक्यात, मावशींना सांगा की जेवण उरकून एकला निघणार. पाचच्या आत गांधीनगर.

दोन_स्टँड

असहमत. मी दर वेळी रात्री अकरानंतर शिरतो, मग ते बेळगाव असो की हुबळी. रस्ते मोकळे, ऊन नाही, सिग्नल नाही. गर्दीच नसेल तर धोका कसला?

उसाचं_वाढं

> गर्दीच नसेल तर धोका कसला?

निपाणी-संकेश्वर पट्ट्यात आमचं रान आहे. नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. रात्री अकराला हायवेवर काय असतं ते ऐका.

एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यानं झाकलेला. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला असतो. तुम्ही चाकाचा अंदाज घेऊन ओव्हरटेक करता आणि टिपऱ्या हेल्मेटला लागतात. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असेल तर तो मोटरसायकलसारखा दिसतो. तुम्ही तेवढीच जागा सोडता. तो मात्र आठ फूट रुंद असतो. एका डोळ्याचं काहीही समोर आलं की ट्रॅक्टर समजूनच कडेला व्हायचं, ही आमच्याकडची सवय.

आता सगळ्यात वाईट ऐका. ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला आणि मागं इशारा म्हणून मोठाले दगड लावतात. काम झालं की ट्रॅक्टर जातो, दगड तिथंच राहतात. माझा सख्खा चुलतभाऊ अशा दगडावर गेला. खांद्यात प्लेट आहे.

सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेनं ट्रॅक्टर येणारच, ते धरूनच चला. यरगट्टीकडच्या रस्त्यावर कुणी मळणीचं पीक पसरलं असेल तर त्यावरनं जाताना ना ब्रेक ना वळण. गाडी सरळ धरून हळू पलीकडं काढायची. आम्ही चुकतोय हे मान्य. पण खळी आता राहिलीत कुठं?

दोन_स्टँड

दगडांचा मुद्दा माहीत नव्हता. रात्रीचं बोलणं मागे घेत नाही, पण साखर हंगामापुरतं घेतो.

रिकामी_टाकी

बाप रे. मावशीला फोन केलाय. ती म्हणाली, एकला निघायचं असेल तर येऊच नका.

पाटीवाला

पाटीच्या प्रश्नाबद्दल. मी एमएच ०९. महिन्यातून दोनदा मालाच्या खरेदीसाठी बेळगावला जातो, बऱ्याचदा बाईकवर. आजवर कुणी काही बोललं नाही. तरी गाडीवर झेंडा, घोषणांचे स्टिकर वगैरे असेल तर सीमेपलीकडे जाताना काढून ठेवलेलं बरं. उगाच कशाला.

सह्याद्रीचा_वारा

म्हणजे आता आपल्याच बेळगावात झेंडा लपवून जायचं? धन्य आहे. १९५६ पासून तिथली माणसं ज्यासाठी...

(पुढील मजकूर संपादित)

धागा_राखणदार (व्यवस्थापन)

सीमाप्रश्नावर आधीच अकरा धागे आहेत. तिथे लिहावे. इथे गाडी कशी चालवायची एवढेच.

गोवावेशीचा

राखणदार, थोडी मुभा द्या, कारण हा प्रवासाचाच भाग आहे. मी स्वतः मराठी. घरात मराठी, दुकानात दोन्ही भाषा. वर्षातले बहुतेक दिवस पाटीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. उरलेले मोजके दिवस मात्र खरंच वेगळे असतात. ६ डिसेंबर २०२२ला हिरेबागेवाडीच्या टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या पाटीच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. फेब्रुवारी २०२५मध्ये बसमध्ये भाषेवरून वाद झाला आणि दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस बंद होत्या. असं काही पेटलं की साध्या प्रवाशानं बाईक घेऊन मध्ये जाऊ नये. तुम्ही कोणत्या बाजूचे, हे दगडाला कळत नाही.

म्हणून तारखा बघा. १ नोव्हेंबरला गावात शिरूच नका. त्या दिवशी एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिवस, चन्नम्मा चौक तर माणसांनी भरलेला. डिसेंबरात हलग्याजवळच्या सुवर्ण सौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. तेव्हा रोज कुणाचा ना कुणाचा मोर्चा, रस्ता वळवलेला, पोलीस. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र आणि अनंत चतुर्दशी, या दोन्ही रात्री बघायला जरूर या, पण गाडी लांब लावून चालत. तुमचा तिसरा आठवडा यातल्या कशातच येत नाही.

आणि एसटी थांबल्यात का, हे कोल्हापूर स्टँडवर विचारायला पैसे पडत नाहीत. बस सीमेपलीकडे जात नसतील तर समजायचं आज काहीतरी आहे. तुम्ही मावशीकडेच राहा. त्या खूश होतील.

पाटीवाला

एसटीचं बरोबर सांगितलंत. आम्ही तेच बघतो.

कागदांचं राहिलं. आरसी, लायसन, विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असले तरी चालतात. पण फोनची बॅटरी संपलेली असते नेमकी तेव्हाच अडवतात, म्हणून झेरॉक्स जवळ ठेवतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच. पेट्रोल निपाणीच्या बाजूला भरा, स्वस्त पडतं. कागलचे लोक उगीच पलीकडे जात नाहीत.

ऑर्थोबाई

हाडांची डॉक्टर आहे, सीमाभागातच काम करते. दुचाकीचे पेशंट रोजचे, त्यामुळे इथे लिहिल्याशिवाय राहवेना.

हेल्मेट घालतात, पण पट्टा हनुवटीखाली सैल ठेवतात. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. हाताची मूठ जात असेल तर आपटताना हेल्मेट डोक्याआधी निघून जातं. मागे बसणाऱ्या बाईची ओढणी, साडीचा पदर, जॅकेटची लोंबती नाडी, सगळं आत खोचा. चाकात अडकलेल्या ओढणीच्या केसेस अजून येतात.

कुणी पडलेलं दिसलं तर हेल्मेट खेचून काढू नका, उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. श्वास चालू आहे ना बघा आणि १०८ किंवा ११२ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ पण आहे. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, मोटर वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं तसं कलमच घातलंय, १३४ए. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना लागू झाली. कागदपत्र नवऱ्याच्या खिशात आणि नवरा बेशुद्ध, असं होऊ देऊ नका. दोघांच्या खिशात चिठ्ठी हवी: नाव, रक्तगट, चालू औषधं, घरचा नंबर.

आणि बूट. कृपा करून बूट. घोट्याची मोडतोड आणि सायलेन्सरचे चटके, दोन्ही मला चप्पलवाल्यांकडूनच मिळतात.

दोन_स्टँड

गोवावेशीच्या काका, भाषेचं सांगा ना.

गोवावेशीचा

बेळगाव, खानापूर, निपाणी इथे मराठीत विचारा, कुणीही सांगेल. यरगट्टीच्या पुढे मराठी पातळ होत जातं. तोंडी विचारायचं असलं तर “बदामीगे ह्यांग होगबेकु री?” आणि उत्तरात “एडक्के” आलं की डावीकडे, “बलक्के” आलं की उजवीकडे. “सीदा” म्हणजे सीदा. त्या “री”त आपल्या “अहो”चा मान आहे, तो विसरू नका. तरुणाला “अण्णा”, बाईला “अक्का” म्हटलं की माणूस हातातलं काम टाकून रस्त्यापर्यंत येतो.

खरी अडचण पाट्यांची. गतिरोधकाची पाटी गावात बऱ्याचदा फक्त कन्नडात असते, “मुंदे रस्ते उब्बु”. म्हणजे पुढे उंचवटा. “निधानवागी चलिसि” म्हणजे हळू चालवा. “अपघात वलय” तर आपल्याला कळतंच, पण लिपी वाचता आली पाहिजे ना! म्हणून सोपा उपाय: पिवळ्या पाटीवर कन्नडात काहीही असो, वेग उतरवायचा. शाळा असेल, नाहीतर उब्बु असेल. पट्टे न मारलेला उब्बु पाटीशिवायही भेटतो. पुढची जीप गावाजवळ अचानक दबली की समजायचं.

बदामीच्या दिवसाचं एक सांगतो, ते फारसं कुणी सांगत नाही. सांबऱ्यावरून तो रस्ता पूर्वेला जातो. सकाळी साडेसहाला निघालात तर यरगट्टीपर्यंत सूर्य थेट डोळ्यांत, आणि समोरच्याला तुम्ही काळे ठिपके. आठला निघा. येताना उलटं. चारच्या पुढे पश्चिमेला तोंड करून चालवणं म्हणजे अंदाजपंचे. त्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधार पडतो.

गाडी रात्री हॉटेलच्या फाटकाच्या आत लावा. खोली ठरवताना फोनवरच विचारा, फाटक रात्री बंद होतं का. कॅम्पात संध्याकाळचं फिरणं छान आहे, मोठाली झाडं, मिलिटरी महादेवाचं देऊळ. पण तो लष्कराचा भाग आहे, गेटांसमोर गाडी उभी करून फोटो काढू नका.

रिकामी_टाकी

इतकं सविस्तर! मंडळी, खरंच आभार. आल्यावर वृत्तांत टाकतो.

(नऊ दिवसांनंतर)

रिकामी_टाकी

आलो. दोघंही धडधाकट. जवळजवळ.

मावशीनं अडीचला सोडलं. तवंदी घाटात एका ट्रकमागे पंधरा मिनिटं गेली, ओव्हरटेकची घाई केली नाही. संकेश्वरच्या अलीकडे दगड दिसले. तीन, ओळीनं, ट्रॅक्टर गायब! उसाचं_वाढं, तुमची आठवण काढली. थांबून कडेला सारले. पावणेसहाला गांधीनगर, नकाशा चारचाकीवर, सव्वासहाला कॉलेज रोडवर हॉटेलात. बायको म्हणाली, हे आपल्या लग्नानंतरचं पहिलं शहर जिथे आपण भांडण न करता पोचलो.

इथे थांबायला हवं होतं.

सातला आंघोळ झाली, ताजेतवाने झालो आणि कुंद्याची आठवण झाली. दुकान जवळच म्हणून बूट कुठे घालायचे, चप्पल सरकवली. सामान काढलेली गाडी हलकी वाटत होती. नकाशा दुचाकीवर टाकला, कारण “आता काय, गाव कळलंय”. तिसऱ्या वळणाला खडेबाजारात. समोरून हातगाडी, मागे रिक्षा, म्हणून तिथेच गाडी वळवायला गेलो. उतार होता. उजवा पाय टेकवला तो गटाराच्या फरशीवर, फरशी ओली, चप्पल निसटली. बायको वेळेवर उतरली. गाडी आणि मी उजव्या कुशीवर. वेग शून्य. पुढच्या ब्रेकचा लिव्हर वाकला आणि नडगीला सायलेन्सर चिकटला.

पाच सेकंदांत चार माणसं. एकानं मराठीत विचारलं लागलं का, दुसऱ्यानं कन्नडात काहीतरी, तिसऱ्यानं न बोलता गाडी उचलून स्टँडला लावली. कुणी पाटी वाचली असेल असं वाटत नाही. समोरच्या घरातल्या आजी टूथपेस्ट घेऊन आल्या. ऑर्थोबाई, मी लावली. त्या ऐकेचनात.

गाडी ढकलत हॉटेलात. सकाळी लिव्हर बदलेपर्यंत दहा वाजले, त्यामुळे डोळ्यांत सूर्य येण्याचा प्रश्न आपोआप मिटला. बदामी सुंदर. तिच्यावर वेगळा धागा काढतो. येताना बेळगावात गाडी फाटकाच्या आत लावली आणि बाजारात रिक्षानं गेलो.

ऑर्थोबाई

टूथपेस्ट! चटक्यावर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, बाकी काही नाही. बर्फ नाही, हळद नाही. फोड आला असेल तर फोडू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतंत?

रिकामी_टाकी

आठवत नाही.

ऑर्थोबाई

मग उद्या सकाळी घ्या. जखमेचा फोटो इथे टाकू नका, लोक जेवत असतात.

उसाचं_वाढं

दगड सारलेत त्याबद्दल आभार. तीन होते म्हणता? चौथा बऱ्याचदा दुभाजकाच्या बाजूला असतो.

भावा_गाडी_हळू

ते ऱ्हाऊ दे. कुंदा मिळाला का?

रिकामी_टाकी

अर्धा किलो. मावशीला द्यायचा होता. तवंदी घाट उतरेपर्यंत पाव किलो उरला.